मित्रांसोबत कोकण किनाऱ्याने बाईकवर : मांडवा ते तेरेखोल, पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. शाळेतले नाहीतर कॉलेजातले चार-पाच मित्र, आता पस्तिशी-चाळिशीत, एक पुण्यात एक ठाण्यात एक अजून गावीच, वर्षातून एकदा कोणाच्या लग्नात नाहीतर कोणाच्या बाराव्याला भेट होते, ग्रुपवर रोज ढीगभर फॉरवर्ड पडतात पण एकाची नोकरी गेल्याचं बाकीच्यांना चार महिन्यांनी कळतं. अशा मित्रांनी एकदा तरी अख्खा कोकण किनारा बाईकवर करावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो कसा करायचा ते इथे पायरी-पायरीने लिहितोय.

कोकणच का, तर हायवेने कुठेही सुसाट जाता येतं पण मग दिवसभर प्रत्येकजण आपापल्या हेल्मेटमध्ये एकटा असतो. किनाऱ्याने तसं जाताच येत नाही. मध्येच खाडी आडवी येते, रस्ता संपतो, गाडी बंद करून फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर थांबावं लागतं, मोबाईलला रेंज बऱ्याचदा नसते, आणि मग माणसं बोलायला लागतात. पुरुष माणसाला समोर बसवून "काय चाललंय रे मनात" विचारलं की तो "काही नाही, मस्त" म्हणतो आणि विषय संपवतो, तोच माणूस आपल्या शेजारी उभा राहून पाण्याकडे बघत असला की स्वतःहून बोलतो. म्हणून या ट्रिपचं प्लॅनिंग किलोमीटर बघून करायचं नाही, थांबायच्या जागा बघून करायचं. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

१. आधी माणसं पक्की करा, तारीख नंतर

चार ते सहा जण बरे. आठच्या वर गेलात की दोन गट पडतात, एक गट पुढे चहा पिऊन निघतो तेव्हा दुसरा पोचतो, आणि रात्री रूमवरही तेच दोन गट राहतात.

ग्रुपवर "कोण कोण येतंय" असं टाकू नका. तिथे सगळे अंगठा दाखवतात आणि आदल्या रात्री गळतात. एकेकाला फोन करा आणि तीन गोष्टी नीट विचारा: किती पैसे सहज काढू शकतोस, पोहता येतं का, आणि तब्येतीचं काही आहे का (बीपी, शुगर, दमा, पाठीचं दुखणं, काहीही). हे चारचौघांत कोणी खरं सांगत नाही, फोनवर सांगतात. ज्याचं बजेट सगळ्यात कमी त्याच्या बजेटवर ट्रिप बसवा आणि कोणामुळे ते कोणालाही सांगू नका. सध्या हात तंग असलेला मित्र पैशावरून कधीच "नाही" म्हणत नाही, तो "रजा मिळत नाहीये" म्हणतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी एखादा दोस्त मागे राहायचा वाचेल.

२. कधी जायचं

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. मार्चपासून उकाडा वाढतो, पण वेळास आणि आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ती साधारण याच काळात, फेब्रुवारी-मार्च आणि पुढे एप्रिलपर्यंत, ते बघायचं असेल तर उन्हाची तयारी ठेवून जा. मे महिन्यात आंबा आहे पण दुपारी बाराला हेल्मेटच्या आत डोकं उकडून निघतं. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं हे खरं, तरी या ट्रिपसाठी नको, मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत वॉटर स्पोर्ट आणि किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, खाडीतल्या फेरीबोटीही हवा बघून कधी थांबवतील सांगता येत नाही.

गणपती, ख्रिसमस ते ३१ डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. शिमग्याला मात्र पालख्या निघालेल्या असतात, गावात कोणाची ओळख असेल तर मुद्दाम त्या दिवसांत जा, फक्त राहायची सोय आधी करून ठेवा.

३. रूट

रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग कागदावर आहे. प्रत्यक्षात बरीचशी वाट गावागावातून जाणारा अरुंद रस्ता आहे, एकीकडे वाडी एकीकडे गडगा (दगडी कुंपण), मध्येच सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर चढतो मध्येच खाडीशी उतरतो. ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी पडत नाही. मॅपवर दोन तास दाखवले तर साडेतीन धरा. दिवसाला ७०-८० किलोमीटर पुरे.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या आत नेणारी बोट) बाईकसकट मांडव्याला उतरावं, तासाभरात पोचता आणि पनवेल-पेणचं ट्रॅफिक वाचतं. पुण्याचे मित्र ताम्हिणीने माणगावला उतरून श्रीवर्धनला येऊन मिळू शकतात.

मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड. पुढे चार खाड्या फेरीबोटीने पार करायच्या, हाच या वाटेचा कणा आहे:

- आगरदांडा ते दिघी (राजपुरीची खाडी). पलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर.
- बागमांडला ते वेसवी (सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी). पलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै.
- दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी). पलीकडे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी.
- तवसाळ ते जयगड (शास्त्री). पलीकडे मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेचा तो घाटरस्ता, जिथून खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात, मग रत्नागिरी.

रत्नागिरीच्या खाली खाड्यांवर पूल आहेत, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असं करत विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. मालवणात एक दिवस जास्तीचा ठेवाच. मग वेंगुर्ला, शिरोडा (१९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच गाव), रेडी आणि तेरेखोल. तेरेखोलचा किल्ला गोव्याच्या हद्दीत असला तरी नदीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला आहे, तिथून खाली उतरलं की केरीला जायला गोव्याची फेरी.

एवढ्याला आठ-नऊ दिवस लागतात. एवढी रजा नसेल तर मुरूड ते गुहागर करा, चार दिवसांत तीन फेरीबोटी मिळतात. सगळं घाईत उरकण्यापेक्षा अर्धं नीट केलेलं केव्हाही चांगलं. वरच्या खाड्यांवर मोठे पूल उभारायचं काम हाती घेतलंय, कुठला पूल सुरू झाला ते निघताना विचारा, पण पूल झाला आणि फेरी चालू असली तरी मी म्हणेन फेरीनेच जा.

रूटमध्ये दोन गोष्टी माझ्या आग्रहाच्या. एक, संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. (हा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि अलिबागजवळचा खांदेरी, हे चारही २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये आहेत, म्हणजे या एका वाटेवर चार.) दुसरी, राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावरचं कातळशिल्प. जांभ्या कातळात कोरलेला एवढा मोठा हत्ती, की उभं राहून आधी कळतच नाही आपण काय बघतोय, हळूहळू सोंड सापडते, मग पाय, आणि त्याच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी. रेषांवर पाय देऊ नका, बाईक तर सड्यावर मुळीच चढवू नका. आणि सड्यावर फुरसं असतं, मातीच्या रंगाचा छोटासा विषारी साप, बूट घाला, दगड उचलू नका, काळोख पडला की बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:
- लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली चालतात, पण रेंज नसते म्हणून आधीच उघडून ठेवा, आणि एक झेरॉक्स सेट डिकीत.
- प्रत्येकाचं आधार. मुक्कामाला सगळ्यांचं मागतात.
- बाईक दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचा फोन लागेल असं बघा.
- एका कागदावर प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्या, घरचा नंबर. हा कागद एकाकडे नको, दोघांकडे हवा.

सामान:
- दोघांसाठी दोन हेल्मेट, मागच्यालाही.
- पंक्चर किट आणि छोटा पंप, चेन ल्यूब, क्लच वायर, सामान बांधायला चार बंजी (हूकवाल्या रबरी दोऱ्या).
- रोख रक्कम. छोट्या गावात क्यूआर कोड असतो, नेट नसतं.
- ओआरएस, पट्ट्या, पेनकिलर, उलटीची गोळी.
- ओले कपडे घालायला वेगळी पिशवी. जीन्स एकच घ्या, खाऱ्या हवेत वाळत नाही.

फोनमध्ये सेव्ह करून ठेवा: ११२ (पोलीस आणि सगळी मदत), १०८ (ॲम्ब्युलन्स), १०९३ (सागरी पोलीस), १५५४ (कोस्ट गार्ड).

५. बाईक

नवी गाडी हवी, मोठी गाडी हवी असं काही नाही. १२५-१५० सीसीवर सगळा किनारा आरामात होतो. टायर, ब्रेक लायनर, चेन एवढं बघून घ्या. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पंप दिसेल तिथे भरा, पुढचा पंप कुठे असेल भरवसा नाही.

खाऱ्या हवेने चेन दोन दिवसांत कोरडी पडते आणि तांबूस दिसायला लागते, रोज रात्री मुक्कामाला पोचलात की कापडाने पुसून ल्यूब मारा. बाईक पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नेऊ नका. फोटो भारी येतो, पण चाक रुततं, पाणी चढायला लागलं की गाडी ओढून काढायला गावकऱ्यांना बोलवावं लागतं, आणि तशीही किनाऱ्यावर गाड्या न्यायला मनाई असते.

फेरीबोटीवर चढताना रॅम्प ओला आणि शेवाळलेला असतो, ओहोटीला तर चांगलाच उतार पडतो. मागे बसलेल्याला खाली उतरवा, पहिला गिअर, दोन्ही पाय खाली, पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही. आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून साईड स्टँड, आणि बोट सुटताना हात गाडीवर.

६. पैसे

निघताना सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढायची आणि एकाकडे द्यायची. पेट्रोल, फेरी, मुक्काम, जेवण सगळं त्यातून. संपली की परत सारखी. दारू यात धरू नका, जो पितो तो वेगळे काढेल. न पिणाऱ्याच्या खिशातून बाकीच्यांची बाटली येते, तो दोस्तीखातर गप्प बसतो, आणि पुढच्या वेळी येत नाही. हे मी बऱ्याच ग्रुपांत बघितलंय.

अजून एक सापळा. तेरेखोलला पोचलं की गोवा समोर असतो आणि स्वस्त म्हणून बाटल्या भरून घ्यायची हुक्की येते. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, सीमेवर तपासणी असते, गाडीही जप्त होऊ शकते. नकोच.

७. रस्त्यावरचे आमचे नियम

सगळ्यात सावकाश चालवणारा दुसऱ्या नंबरवर. पहिल्याने त्याला आरशात बघत चालवायचं. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. अंधारात चालवायचं नाही, थंडीत सहाला सूर्य मावळतो तेव्हा पाचला मुक्कामी.

आणि एक नियम मला सगळ्यात जास्त आवडतो: मागे बसणारा रोज बदलायचा. आज याच्यामागे, उद्या त्याच्यामागे. प्रत्येक ग्रुपमध्ये दोघं-दोघं घट्ट असतात आणि बाकीचे एकमेकांचे मित्र असतात ते फक्त ग्रुपमुळे, दोघांनाच समोरासमोर ठेवलं तर काय बोलावं कळत नाही अशी अवस्था. ऐंशी किलोमीटर एका बाईकवर बसलं, वाटेत दोनदा चहाला थांबलं, की ते अवघडलेपण जातं. आमच्यात एक बँकेतला आणि एक गॅरेजवाला असे दोघं वीस वर्षं एकाच ग्रुपमध्ये होते आणि एकमेकांशी क्रिकेटच्या पलीकडे बोललेले नव्हते, आता गॅरेजच्या लोनचे कागद बँकवाला बघतो आणि त्याच्या मुलाला सुट्टीत गॅरेजवाला गाडी खोलायला शिकवतो.

८. फेरीबोटीवर काय करायचं

खरं तर काहीच नाही. फक्त पुढची फेरी चुकली तर चिडायचं नाही, वडापाव घ्या आणि धक्क्यावर बसा. शेवटची फेरी कितीला ते तेवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा. रील काढायचे असतील तर चढतानाच काढून घ्या आणि मग फोन खिशात.

दाभोळहून धोपाव्याला जाताना आमच्यातला एकजण कठड्याला टेकून उभा होता, हेल्मेट पोटाशी धरलेलं, अंगठ्याने काचेवरचे किडे खरवडत होता. आणि तसंच, वर न बघता, म्हणाला की बाबा आता मला ओळखत नाहीत, मला त्यांचा भाऊ समजतात. कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग आमच्यातल्या एकाने विचारलं, "रात्री कोण असतं त्यांच्याजवळ?" तो म्हणाला मीच असतो, उठून दार उघडून जातात ना, म्हणून दाराला गादी लावून झोपतो. मग पलीकडचा धक्का येईपर्यंत तो बोलतच राहिला, डॉक्टर, गोळ्या, बायकोची ओढाताण, सगळं.

हे सांगतोय कारण अशा वेळी आपण पुरुष पटकन दोनातलं एक करतो. एकतर सल्ला देतो, "अरे त्या अमुक डॉक्टरला दाखव", नाहीतर विषय हलका करायला जोक मारतो. दोन्हीने माणूस परत बंद होतो. तो प्रश्न बघा कसा होता, साधा, रोजच्या जगण्यातला, उत्तर देता येईल असा. असं विचारायचं: झोप लागते का, जेवायला कोण करतं, ऑफिसात माहितीये का, पुढची तारीख कधी आहे. आणि मग ऐकायचं. एवढं आलं तर ट्रिपमधलं सगळ्यात अवघड काम जमलं म्हणा.

९. समुद्रात उतरताना

इथे मी कडक होणार आहे. किनाऱ्यावर बुडाल्याच्या बातम्या वाचल्या तर बहुतेक वेळा ग्रुपने आलेली तरुण पोरं असतात, आणि कारणं तीच: दारू पिऊन उतरले, उतरत्या पाण्यात गेले, एकाला वाचवायला दुसरा गेला. एरवी सावध असलेला माणूसही मित्रांसमोर "काय घाबरतो" ऐकून दोन पावलं जास्त आत जातो. म्हणून आमच्यात हे वाक्य बंद आहे. समुद्राजवळ कोणी कोणाला "घाबरतो" म्हणायचं नाही.

भरती-ओहोटी समजून घ्या. गुहागरला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांना विचारलं, "काका, आत्ता पोहायला जाऊ का?" तर ते म्हणाले, "आज चतुर्थी ना? चाराची पाऊणपट किती, तीन. तीनला पाणी भरतं, मग उतरायला लागतं. तुम्ही दीडला जा नि अडीचला बाहेर या." हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ येते, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जोरात उतरतं. मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, तरी गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल नको, कारण कुठे खड्डा आहे आणि कुठे ओढ आहे हे मोबाईल सांगत नाही.

बाकीचे नियम:

कंबरेच्या वर पाण्यात जायचं नाही, पोहता येत असलं तरी. स्विमिंग पूलचं पोहणं इथे उपयोगी पडत नाही. काशीद, गणपतीपुळे, आरे-वारे इथे किनारा बघायला शांत वाटतो पण पाण्याला ओढ आहे, तिथले बोर्ड आणि जीवरक्षकांची शिट्टी ऐका. दोन लाटांच्या पट्ट्यांमध्ये मध्येच एक सपाट, गढूळ, शांत दिसणारी वाट असेल तर तीच ओढीची जागा, नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो कारण लाटा कमी दिसतात.

ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमाल. हात वर करा, तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ कमी झाली की मग तिरकं बाहेर या. आणि मित्र ओढला जात असेल तर उडी मारायची नाही. हे मनाला पटत नाही, मलाही जड जातं लिहायला, पण मारायची नाही. रिकामा कॅन, ट्यूब, दोरी, जे तरंगेल ते फेका, नजर त्याच्यावरून हलवू नका, एकाने जीवरक्षकाकडे किंवा होडीवाल्यांकडे धावायचं, एकाने ११२ लावायचा.

दारू प्यायलेल्याने त्या दिवशी पाणी नाही, गाडी नाही. एकजण रोज न पिणारा ठरवा, पाळीपाळीने.

कातळावर फोटोसाठी उभं राहणं हेही यातच आलं. हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी फटीतून घुसून उंच उडतं, बघायला जा, पण ओल्या कातळाच्या अलीकडेच थांबा.

१०. मालवणात पाण्याखाली

मालवण-तारकर्लीला पोहता न येणाऱ्यालाही इन्स्ट्रक्टर हाताला धरून पाण्याखाली नेतात, स्कूबा डायव्हिंग म्हणतात ते. शक्य असेल तर सगळ्यांनी मिळून करा. आदल्या रात्री दारू नको, सकाळी हलका नाश्ता. फॉर्म भरताना दमा, हृदयाचं, कानाचं, ऑपरेशनचं काही असेल तर खरं लिहा आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय उतरू नका. सर्दी झाली असेल तरीही नको, कानावर दाब येतो तो सोडता येत नाही. स्वस्त मिळतंय म्हणून रस्त्यावरच्या एजंटाच्या मागे जाण्यापेक्षा सेंटरवर जाऊन सामान बघा, इन्स्ट्रक्टरचं कार्ड विचारा, उथळ पाण्यात सराव करून घेतात का विचारा. त्याच दिवशी चिपी (सिंधुदुर्ग) किंवा मोपा (गोवा) विमानतळावरून विमान पकडायचं ठेवू नका.

एक गोष्ट आधीच पाठ करा. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "मला वर न्या". "ठीक आहे" म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचा गोल करायचा. आयुष्यभराच्या सवयीने लोक खुशीत अंगठा दाखवतात आणि दोन मिनिटांत वर येतात.

आमच्यातला सगळ्यात धिप्पाड माणूस, रोज जिमला जाणारा, बोटीच्या कडेला मास्क लावून बसला आणि म्हणाला मला नाही जायचं, भीती वाटतेय. सरळ, सगळ्यांसमोर. त्याला आजवर असं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. कोणी हसलं नाही. इन्स्ट्रक्टर म्हणाला, "दादा, नका जाऊ खाली, शिडीला धरून नुसतं तोंड पाण्यात घाला." त्याने घातलं, काढलं, परत घातलं. मग एका हाताने शिडी धरून, मग सोडून. शेवटी तो खाली गेला, इतरांपेक्षा कमी वेळ, पण गेला. आणि नसता गेला तरी मला तेवढंच कौतुक वाटलं असतं, कारण मोठं काम त्याने वर बोटीवरच केलं होतं. त्या रात्री कोळंबीवर ताव मारताना आणखी दोघांनी आपापल्या भीतीचं सांगितलं, एकाला लिफ्टची, एकाला मुलीच्या शाळेत इंग्रजीतून बोलायची.

११. मुक्काम आणि भांडण

शक्यतो घरगुती मुक्काम घ्या. जेवण आधी सांगावं लागतं, सकाळी निघतानाच फोन करून किती माणसं, शाकाहारी किती, मासे कोण खातं ते सांगा, काकू त्याप्रमाणे करतात. बऱ्याच घरांत, खास करून देवळाजवळच्या, मांसाहार आणि दारू चालत नाही, बुकिंगच्या वेळीच विचारा. रात्री दहानंतर अंगणात ब्लूटूथ स्पीकर लावू नका, वाडीत आवाज लांबवर जातो आणि लोक पहाटे उठणारे असतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भांडण होतं. होऊ दे. कारण बहुतेक फालतू असतं, कोणी उशिरा उठला, कोणी न सांगता पुढे गेला. दमलेल्या अंगाने रात्री निकाल लावायचा नाही. जेवा, झोपा, सकाळी चहाच्या वेळी ज्याचं चुकलं त्याने "माझं चुकलं यार" म्हणायचं आणि गाडीला किक मारायची. आणि त्या दिवशी त्याच दोघांना एका बाईकवर बसवा.

१२. परत येताना आणि आल्यावर

तोच रस्ता परत करायची गरज नाही. सावंतवाडीहून आंबोली चढून घाटमाथ्याने या, नाहीतर मोठ्या स्टेशनवरून बाईक रेल्वेने पाठवा आणि तुम्ही त्याच गाडीने या. त्यासाठी आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागतं, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. कुठल्या स्टेशनवर बुकिंग होतं ते आधी विचारा आणि गाडीच्या वेळेच्या खूप आधी पोचा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाईक गोड्या पाण्याने नीट धुवा, खालून, चेन, नट-बोल्ट, सगळं, आणि सर्व्हिसिंगला टाका. कॉन्ट्रीचा हिशोब त्याच आठवड्यात ग्रुपवर टाका, उरलेले पैसे परत करा.

फेरीबोटीवर जे बोललं गेलं ते ग्रुपवर आणायचं नाही, बायकांनाही सांगायचं नाही, ज्याचं त्याने सांगितलं तर गोष्ट वेगळी. पण आठ-दहा दिवसांनी त्या मित्राला एकट्याला फोन करा. "कसा आहेस" ने सुरुवात करू नका, तो "मस्त" म्हणेल. थेट विचारा, "बाबा काल रात्री झोपले का?"